गळकं माळवद आणि गिटार

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. ‘सोरुतिहुदु मनिय माळिगी’ हे पद कुणाच्या आवाजात ऐकायचं? अव्वांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सी. अश्वथ हवे असतात. मला रघू दीक्षित लागतो. आमचे ‘हे’ दोघींकडे बघून मान डोलावतात आणि चहाचा कप घेऊन ओसरीत जाऊन बसतात. हा वाद २००८ साली सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही. तो मिटू नये, असंच आता मला वाटतं. का, ते सांगण्यासाठी आजचा हा लेख.

माझा धाकटा दीर तेव्हा बेंगळुरूला शिकायला होता. दर दिवाळीला घरी आला की एका गायकाचं नाव घ्यायचा. लुंगी नेसतो, पायात घुंगरू बांधतो, गळ्यात गिटार अडकवतो आणि शिशुनाळ शरीफांची पदं गातो! अव्वांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. मी म्हणायची, “भाऊजी, त्याची कॅसेट तरी आणा.” त्यावर उत्तर ठरलेलं, “अजून निघालीच नाही, वहिनी. पुढच्या वर्षी येणार म्हणतात.” ते पुढचं वर्ष काही केल्या उगवेना. कॅसेटचा जमाना संपला, सीडीचा आला, तरी अल्बमचा पत्ता नाही.

रघू दीक्षितचा जन्म १९७४ सालचा आणि तोही आपल्या नाशिकचा, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वाढला मात्र म्हैसूरला. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., तेही सुवर्णपदकासह. शिवाय भरतनाट्यम शिकलेला. कॉलेजात एका मित्राने नाचावरून खिजवलं म्हणून ईर्ष्येने गिटार शिकला, असं तो स्वतःच सांगत आला आहे. नव्वदच्या दशकात त्याने ‘अंतराग्नी’ नावाचा बँड काढला. मुंबईच्या कंपन्यांची दारं वाजवून झाली, पण या गाण्यांचं करायचं काय, ते कुणाला कळेना. ना धड सिनेमाचं गाणं, ना धड भक्तिगीत. शेवटी विशाल-शेखर या संगीतकार जोडीने त्याचं गाणं ऐकलं आणि स्वतःच्या कंपनीतर्फे २००८ साली अल्बम काढला. त्याचंही नाव ‘अंतराग्नी’च. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ‘गन्स एन रोझेस’ या बँडचा ‘चायनीज डेमोक्रसी’ आला. त्याची वाट तर त्यांच्या चाहत्यांनी पंधरा वर्षं पाहिली होती! पण त्यांचे चाहते जगभर, आणि आमचा चाहतावर्ग म्हणजे आदिलाबादच्या एका घरातली तीन-चार माणसं.

त्या दिवाळीला दीर आला तो सीडी घेऊनच. फराळाची ताटं बाजूला सारून आम्ही ती लावली. तेव्हापासून आजवर ती किती वेळा ऐकली, त्याचा हिशेब नाही. तर वाचकहो, एका चाहतीची ही गाण्यागणिक मतं. सीडीवरचा क्रम मी पाळणार नाही. आमच्या घरात जी गाणी ज्या क्रमाने मुरली, तोच क्रम घेते.

‘हे भगवान’

देवाकडे पुन्हा एकदा आयुष्य मागणारं हे गाणं. आपल्याकडे देवाजवळ असं काही मागायचं तर आवाज रडवेला हवा, असा एक अलिखित नियम आहे. रघू तो नियम पार उधळून लावतो. मागणं बुडत्या माणसाचं आणि ठेका लग्नाच्या वरातीचा! पहिल्या वेळी मला हे विसंगत वाटलं होतं. एकोणतिशीत होते मी. आयुष्य पुन्हा मागावं असं तोवर काही हातून गेलेलंच नव्हतं. आता पंचेचाळिशी ओलांडली आणि ते गाणं नीट कळायला लागलं. रडून मागणारा माणूस अर्धा हरलेला असतो. नाचत मागणाऱ्याला देणाऱ्यावर विश्वास असतो. हिंदी गाण्यांत माझा पहिला नंबर याचाच.

‘मैसूर से आयी’

म्हैसूरच्या मुलीवर जीव जडल्याचं हे गाणं. फार खोल काही नाही, पण चाल अशी की स्वयंपाक करतानाही पाय ठेका धरतात. आमच्याकडे ते लागलं की ‘हे’ म्हैसूरच्या जागी किनवट घालून म्हणतात, कारण माझं माहेर किनवटचं. इथे थोडं थांबून सांगायला हवं. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. भाषावार राज्यं झाली, तो नांदेडकडे गेला. अव्वांचं माहेर भालकीकडचं. बीदर जिल्हा तेव्हा मैसूर राज्यात गेला. त्याआधी भालकी, किनवट, आदिलाबाद ही सगळी एकाच निजामी राज्यातली गावं. नोकरीधंद्यासाठी माणसं इकडून तिकडे जात, सोयरिकी होत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. नकाशावर रेघा पडल्या, सोयरिकी मात्र राहिल्या. त्यामुळे आमच्यासारख्यांच्या घरांत कन्नड आणि मराठी एका चुलीवर शिजते, अंगणात तेलुगू असते आणि शाळेत इंग्रजी. अशा घरात म्हैसूर काय नि किनवट काय, सून कुठून तरी आलेलीच असते!

‘गुडुगुडिया सेदि नोडो’

खरा अल्बम माझ्यासाठी इथे सुरू होतो. संत शिशुनाळ शरीफ (१८१९-१८८९) हे आत्ताच्या हावेरी जिल्ह्यातल्या शिशुनाळचे. मुसलमान घरात जन्म, गुरू गोविंद भट्ट हे ब्राह्मण. आपल्याकडे वारकऱ्यांत शेख महंमद श्रीगोंदेकरांना जो मान, तोच तिकडे शरीफांना. दोन्ही धर्मांची माणसं त्यांच्या समाधीला जातात. त्यांची पदं म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तूंत लपवलेलं तत्त्वज्ञान. चक्की, घर, कोंबडी, पाऊस असं काहीही त्यांना चालतं.

या पदात ती वस्तू आहे हुक्का. कन्नडमध्ये ‘गुडुगुडी’, मराठीत ‘गुडगुडी’. अर्थ सांगण्याची गरजच पडली नाही. मनाच्या पिशवीतून मोहाची भांग काढायची, ती चिरायची, आठवणीच्या चिलमीत भरायची आणि बुद्धीचा विस्तव वर ठेवायचा. मग ओढून बघ बाबा, पोटातला रोग जातो की नाही! व्यसनाच्या भाषेत व्यसनमुक्ती सांगायची, ही शरीफांची खोड.

रघूने या पदाला जो ठेका दिला आहे, त्याने माणूस खुर्चीत बसून राहू शकत नाही. ऐकता ऐकता अव्वांनी कपाळाला हात लावला. “हे काय भजन झालं? ही तर दंडारी!” म्हणाल्या. दंडारी म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या गुड्यांवरून ढोल ऐकू येतात, गुसाडी मोरपिसांचे मुकुट घालून नाचतात. अव्वा टीका म्हणून बोलल्या, मला ती शाबासकी वाटली. देवाचं नाव घेऊन रात्रभर नाचणारी माणसं आपल्या इतक्या जवळ असताना भजन बसूनच करायचं, हे आपण कधी ठरवलं? दुसऱ्या कडव्याला अव्वांचा हात कपाळावरून मांडीवर आला आणि ताल धरू लागला. गाणं संपल्यावर हळूच म्हणाल्या, “छंद हाडतान.” छान गातो. एवढंच. पण अश्वथांच्या भक्ताकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

‘अंतराग्नी’, ‘खिडकी’, ‘हर साँस में’, ‘अंबर’

या चौघांना एकत्र बसवते, कारण माझ्याकडे प्रत्येकाविषयी सांगण्यासारखं थोडंच आहे. ‘अंतराग्नी’ हे नाव फार मोठं. आत पेटलेला अग्नी. ज्या नावाने बँड चालवला आणि अल्बमही काढला, त्या गाण्याकडून अपेक्षा डोंगराएवढी होती. गाणं चांगलं आहे, पण शरीफांच्या दोन पदांमध्ये जो विस्तव आहे तो मला इथे सापडत नाही. ‘हर साँस में’ आणि ‘अंबर’ ही हळवी गाणी. रात्री पेपर तपासताना मंद आवाजात लावायला उत्तम. पण पेपरवरून लक्ष उडवतील अशी नाहीत. ‘खिडकी’ माझ्या दिराचं आवडतं. त्याचं वय तेव्हा खिडकीत बघण्याचंच होतं, त्यामुळे त्याच्या मताला मी फार वजन देत नाही!

‘नो मॅन विल एव्हर लव्ह यू लाइक आय डू’

हे इंग्रजी गाणं. माझ्यासारखं प्रेम तुझ्यावर दुसरा कुणीच करणार नाही, असं म्हणणारा. चाल गोड, आवाज मोकळा. पण कन्नड गाताना रघूच्या तोंडात जी माती असते, ती इंग्रजीत धुतली जाते. वर्गात इंग्रजीत उत्तर देणाऱ्या आमच्या पोरांचं असंच होतं. व्याकरण बरोबर, पण माणूस कुठे दिसत नाही. शिवाय एवढी खात्री देणाऱ्या पुरुषापासून मुलींनी जरा जपूनच असावं, असं मी माझ्या विद्यार्थिनींना गमतीने सांगत असे. त्या गमतीकडे पुढे परत यावं लागणार आहे.

‘सोरुतिहुदु मनिय माळिगी’

आता आमच्या वादाचं मूळ. घराचं माळवद गळतंय, अज्ञानामुळे गळतंय, आणि वर चढून ते नीट करणारा कुणी नाही. एवढीच या पदाची गोष्ट.

आदिलाबादकडे जुनी घरं कवेलूची. माळवद म्हणजे काय ते मला लग्नानंतर भालकीला गेल्यावर कळलं. दगडामातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असतो, पण मृगाआधी दरवर्षी वर पांढरी माती टाकून चोपावी लागते. एक वर्ष आळस केला की गवत उगवतं, मुंग्या पोखरतात, पाणी वाट काढतं. शरीफांनी यातलं काही सोडलेलं नाही. मोडकी तुळई आहे, किडलेली लाकडं आहेत, गवत आहे, मुंग्याही आहेत. शेवटी पाणी शिरून आतलं आणि बाहेरचं एक होऊन जातं. मग गृहस्थ बायकोला सांगतो की हुब्बीचा पाऊस आला. हुब्बी म्हणजे आपलं पूर्वा नक्षत्र. कापसाला बोंडं धरण्याच्या दिवसांत पूर्वाचा पाऊस लागून राहिला की काय होतं, हे आदिलाबादच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

सी. अश्वथांनी कन्नड भावगीतांना घराघरांत नेलं. १९९० साली आलेल्या नागाभरणांच्या ‘संत शिशुनाळ शरीफ’ या चित्रपटातून त्यांच्या आवाजात ही पदं कर्नाटकभर पोचली. २००९ च्या २९ डिसेंबरला ते गेले, तेव्हा अव्वा दिवसभर गप्प होत्या. अश्वथ गातात तेव्हा घरधनी हताश होऊन वर बघतोय असं वाटतं. रघू गातो तेव्हा जणू छपराखाली जमलेली सगळी वाडी ओरडते आहे. अव्वांचं म्हणणं असं, “गळणं म्हणजे काय वादळ आहे का? थेंब थेंब गळतं, माणसाला कळतसुद्धा नाही. हा एवढा ढोल बडवतो, मग अज्ञान राहिलंच कुठं?” खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड आहे. एम.ए.ला काव्यशास्त्र शिकूनही मला तो सुचला नव्हता.

माझं म्हणणं दुसरं आहे. ज्यांच्या कानाला थेंबाचा आवाज ऐकूच येत नाही, त्यांना जागं करायला ढोल लागतो. आमच्या लेकीने अश्वथांच्या आवाजातलं हे पद जन्मल्यापासून ऐकलं होतं, पण तिच्यासाठी तो अज्जीच्या खोलीतून येणारा एक आवाज होता, मिक्सरच्या किंवा कुकरच्या आवाजासारखा. रघूचं गाणं ऐकून मात्र ती पाच-सहा वर्षांची असताना स्वयंपाकघरात आली आणि विचारलं, “आई, माळिगी म्हणजे काय?” मला मराठीतला अर्थ सांगता आला. त्यापुढचं सगळं सांगायला तिला अज्जीकडे जावं लागलं.

नंतरची वर्षं

यशाचं थोडक्यात सांगते. २०१० मध्ये बीबीसीवरच्या जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात रघू गायला, २०११ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात. दुसऱ्या अल्बमसाठी पुन्हा पाच वर्षं थांबावं लागलं. ‘जग चंगा’ २०१३ मध्ये आला. त्यातही शरीफांची दोन पदं आहेत. ‘लोकद काळजी’ मधल्या ‘काळजी’ला भाषांतर लागत नाही, जगाची काळजी वाहणाऱ्याला शरीफ खुशाल वाहा म्हणतात आणि हळूच चिमटा काढतात. ‘कोडगन कोळी नुंगिता’ मध्ये कोंबडी माकडाला गिळते. मुक्ताबाईंच्या मुंगीचा अभंग ज्यांच्या कानावर आहे, त्यांना ही कोंबडी परकी वाटणार नाही.

आता ती मागे ठेवलेली गोष्ट. ऑक्टोबर २०१८ मध्ये एका गायिकेने रघूच्या गैरवर्तनाचा सांगितलेला अनुभव जाहीर झाला आणि त्याने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. चाहती म्हणून मला हे लपवून पुढे जाता येणार नाही. त्या पावसाळ्यानंतर दोन वर्षं मी ती सीडी लावली नाही. कपाटात होती, पण हात जाईना. मुलींच्या कॉलेजात शिकवलेली बाई मी. ‘गाणं वेगळं, माणूस वेगळा’ हे वाक्य मला सहज म्हणता येत नाही. आणि गाणं चांगलं आहे म्हणून त्या मुलीचा अनुभव लहानही होत नाही.

अव्वांना मी हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, “बघ, मी म्हणतच होते, अश्वथच खरे.” त्या तसं म्हणाल्या नाहीत. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, “पद त्याचं नव्हतंच. शरीफांचं आहे. माळवद ज्याचं त्याने बघायचं असतं, गाणाऱ्यानेही.” मी यावर पुष्कळ विचार केला. माझं समाधान झालं असं म्हणणार नाही. पण २०२१ च्या पावसाळ्यात ती सीडी पुन्हा बाहेर आली ती माझ्यामुळे नव्हे, लेकीमुळे.

अव्वांची एक भजनाची वही आहे. लग्नात माहेरहून आणलेली, कन्नड अक्षरातली, कडा कुरतडलेली. मोतीबिंदूमुळे त्यांना ती वाचता येईना, ह्यांचं शिक्षण तेलुगूत आणि उर्दूत झालेलं, आणि मला कन्नड समजतं पण वाचता येत नाही. म्हणजे वही घरात होती, पण मुकी. लेक तेव्हा बारा वर्षांची. तिने वही उघडली, थोडा वेळ डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, “आई, हे तर तेलुगूसारखंच आहे.” खरंच की! कन्नड आणि तेलुगू लिप्या एकाच जुन्या लिपीतून फुटलेल्या. शाळेत शिकलेल्या तेलुगूच्या जोरावर पोरीने एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. ‘क’जवळ अडखळली, मात्रा चुकली, पुन्हा मागे गेली. तिची पहिली ओळ पुरी होण्याआधीच अव्वांनी पुढची म्हणून टाकली. आणि मग लेकीने विचारलं, “अज्जी, हेच ना ते ढोलवालं गाणं?”

त्या दिवशी दोन्ही सीडी लागल्या. आधी अश्वथ, मग रघू.

अल्बम म्हणून ‘अंतराग्नी’ला मी दहापैकी सात गुण देईन. दोन-तीन गाणी भरतीची आहेत, हे चाहती असूनही कबूल करते. पण आमच्यासारख्या घरांत एखादी भाषा एका दिवसात जात नाही. माळवदासारखी थेंब थेंब गळते आणि सगळ्यांना वाटतं, कुणीतरी वर चढेल. आमच्याकडे चढणारी बारा वर्षांची निघाली. तिला शिडी तेलुगू अक्षरांची मिळाली आणि खालून हाक मारायला एक ढोल.

परवाच रोहिणी संपत आल्या, आभाळ भरून आलं. अव्वांनी वही मागितली. यंदा आधी कोण, अश्वथ की रघू, ते अजून ठरलेलं नाही. लेक म्हणते, यंदा आधी ती गाणार.